घड्याळाचा जुना चेहरा

प्रत्येक जुन्या घरांत एक खण असा असतो कीं, ज्याला कुलूप नसतें आणि तरीही तो कोणी उघडीत नाहीं. तुटक्या काड्यांचे चष्मे, कशालाच न लागणाऱ्या किल्ल्या, शाई वाळलेलीं फाउंटन पेनें आणि बंद पडलेलीं मनगटी घड्याळें त्यांत सुखानें नांदत असतात. हीं घड्याळें टाकवत नाहींत, कारण तीं घरांतील कोणातरी वडील माणसाच्या हातावर होतीं. आणि वापरवतही नाहींत, कारण तीं चालत नाहींत. दिवाळीच्या साफसफाईंत एकदां तीं बाहेर निघतात, कोणीतरी एखादें कानाशीं धरून हालवून पाहतो, आणि पुन्हां त्यांची खणांत रवानगी होते. ह्या घड्याळांविषयीं चार शब्द लिहावेत असें बरेच दिवस मनांत होतें. मी कांहीं ह्या विषयांतील तज्ज्ञ नव्हे. मॅट्रिकपुरतें इंग्रजी, पाठशाळेंत घोकलेलें थोडें व्याकरण आणि छत्तीस वर्षांची मास्तरकी, एवढेंच माझें भांडवल. परंतु २०१६ सालीं निवृत्त झाल्यावर जुनीं मनगटी घड्याळें जमविण्याचा व त्यांचीं छायाचित्रें काढण्याचा नाद मला लागला, आणि त्या नादाच्या मुळाशीं माझ्या हातून घडलेला एक अपराध आहे. तो प्रथम सांगतों.

आमचे वडील, त्यांना आम्ही सर्व आप्पा म्हणत असूं, मिरज स्टेशनावर पार्सल कचेरींत नोकरीस होते. १९५२ सालीं नोकरींत कायम झाल्यावर त्यांनीं 'वेस्ट एंड' कंपनीचें 'सोवार प्रायमा' हें घड्याळ एका निवृत्त सुभेदाराकडून विकत घेतलें. आजच्या तरुणांना ह्या नांवाचा परिचय नसेल. घड्याळें स्वित्झर्लंडांत बनत, पण कंपनीच्या पेढ्या मुंबईस व कलकत्त्यास होत्या, आणि पलटणींतल्या व रेल्वेंतल्या माणसांचा त्यांवर मोठा विश्वास असे. 'सोवार' म्हणजे आपला 'स्वार'च. घड्याळ हातांतून पडलें म्हणजे त्यांतील दंडचक्राच्या आसाचीं केसासारखीं बारीक टोकें मोडतात, हें पूर्वींचें मोठें दुखणें होतें. १९३४ सालीं 'सोवार प्रायमा'मध्यें 'इन्काब्लॉक' नांवाची एक युक्ति बसविण्यांत आली. आस ज्या माणकांत फिरतो तीं माणकें चिमुकल्या स्प्रिंगेवर बसविलेलीं असतात. धक्का बसला कीं तीं किंचित् सरकतात आणि लगेच जागेवर येतात. जगांत ही युक्ति पहिल्यानें आपणच वापरली असें कंपनी अभिमानानें सांगते.

रेल्वेच्या माणसास असें घड्याळ लागे, आणि मिरजेच्या माणसास तर विशेषच. पुण्याकडची गाडी, कोल्हापूरची गाडी, बेळगांव-हुबळीकडची गाडी आणि पंढरपुरावरून येणारी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी, इतक्यांचा मेळ येथें बसावयाचा. १९७१ सालीं पुणें-मिरज मार्ग रुंद झाल्यावर तर कांहीं वर्षें रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ ह्या एकाच स्टेशनांत येत होते. एका मापाच्या गाडींतील माल उतरवून दुसऱ्या मापाच्या गाडींत चढवावयाचा, म्हणजे मिनिटांचाच व्यवहार. आप्पा रोज सकाळीं देवपूजा आटोपल्यावर घड्याळास किल्ली देत. बोटांनीं मोजून एकवीस वेळां. आणखी एक गंमत ते नेहमीं सांगत. १ जानेवारी १९०६ पासून देशास एक स्टँडर्ड टाइम मिळाला, तरी मुंबई शहर आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत धरून बसलें होतें, आणि ती ३९ मिनिटांनीं मागें होती. त्यामुळें मुंबईस निघालेल्या पाहुण्यानें वेळ विचारली कीं आप्पा म्हणत, "गाडीची सांगूं, कीं तुमच्या यजमानांच्या घड्याळाची?"

१९९८ सालीं आप्पा गेले आणि घड्याळ खणांत गेलें. पुढें २०१२ च्या वैशाखांत दादांच्या, म्हणजे माझ्या वडील बंधूंच्या, नातवाची मुंज ठरली. बटूला पणजोबांचें घड्याळ द्यावें आणि तें लखलखीत करून द्यावें, अशी कल्पना माझ्या डोक्यांत आली. दादांना चकित करावयाचें म्हणून त्यांना न सांगतांच मीं तें एका मोठ्या शहरांतील दुकानीं पाठविलें. त्याची तबकडी मूळची पांढरी. पण साठ वर्षांत ती कढीसारखी पिवळसर झाली होती. सातच्या आकड्याजवळ पावसाच्या पाण्याचा एक तपकिरी डाग होता, आणि लहानपणीं तो मला गोव्याच्या नकाशासारखा वाटे. दुकानदारानें विचारलें, "डायल नवी करूं का?" मीं "करा" म्हटलें. एवढा एकच शब्द.

पंधरा दिवसांनीं घड्याळ आलें. तबकडी मोरपंखी निळी, आकडे सोनेरी, सेकंदाचा कांटा तांबडा. मला तें त्या वेळीं सुंदर वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. मुंजीच्या आदल्या संध्याकाळीं मीं तें दादांच्या हातांत ठेवलें. त्यांनीं उलटसुलट करून पाहिलें, चष्मा पुसून पुन्हां पाहिलें, आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हें आप्पांचें नव्हे."

"दादा, तेंच आहे. नुसती तबकडी—"

"मग आप्पा रोज ज्याच्याकडे बघत होते तें कोठें आहे?"

बटूला दुसरें घड्याळ देण्यांत आलें. मीं दुकानदारास पत्र लिहून जुनी तबकडी परत मागितली. उत्तर आलें कीं, तबकडी तीच आहे, तिच्यावरचा जुना रंग तेवढा धुऊन टाकला आहे. म्हणजे परत मागण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें. मग घरांतील फोटो धुंडाळले. १९७४ सालच्या ताईच्या लग्नांतील एका फोटोंत आप्पांचें मनगट दिसतें, पण तबकडीच्या जागीं नुसता पांढरा ठिपका आहे. शेहेचाळीस वर्षें जें आम्हीं रोज पाहिलें, त्याचें एकही चित्र आमच्यापाशीं नव्हतें.

पुढें चौकशी करतां कळलें कीं, माझ्या घड्याळाची जी गत झाली ती हजारों घड्याळांची होत असते. आपल्या देशांत, विशेषतः मुंबईंत, हा एक धंदाच आहे. एका मोडक्या घड्याळाचें कवच, दुसऱ्याचें यंत्र, तिसऱ्याचे कांटे, असें जमवावयाचें. तबकडी धुऊन तिच्यावर भडक रंग व कंपनीचें नांव पुन्हां छापावयाचें. आणि 'जुनें, दुर्मिळ' म्हणून तें इंटरनेटवरून परदेशीं विकावयाचें. फाव्हर-लूबाचीं 'सी किंग' व 'सी चीफ', आपल्या एच. एम. टी.चीं नाना प्रकारचीं घड्याळें, जपानी 'सिको', 'सिटिझन', कोणीही ह्यांतून सुटलेलें नाहीं. परदेशी संग्राहकांनीं अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असें नांवच देऊन टाकलें आहे, आणि तें कांहीं गौरवाचें नाहीं. कारागिरांस मी सरसकट दोष देत नाहीं. बंद पडलेलें घड्याळ चालतें करणें ही विद्या आहे, आणि गिऱ्हाईकच जर नवेपणा मागत असेल तर त्यानें काय करावें? मींही मागितलाच होता.

ह्या प्रकरणीं मला लाज अधिक वाटली, ती माझ्या विद्येमुळें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, हें वाचकांस माहीत आहेच. १९१९ सालीं आरंभिलेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून १९४३ सालीं निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर हे त्याचे प्रमुख संपादक होते. त्या कामाची शिस्त अशी कीं, एखादा पाठ संपादकास अवघड किंवा ओबडधोबड वाटला म्हणून बदलावयाचा नाहीं. उलट अवघड पाठ बहुधा जुना असतो, आणि गुळगुळीत पाठ मागाहून कोणी शहाण्यानें 'सुधारलेला' असतो. वाळवी पोथीचें पान खाते, पण खाल्लेलें निदान दिसतें. शहाणा लेखक पान सुधारतो तें दिसत नाहीं. पोथींतील अक्षर चुकलें म्हणजे पूर्वीं त्यावर पिवळा हरताळ फासून तें झांकीत, व त्यावरूनच आपला वाक्प्रचार आला. मुलांना मी हें वर्षानुवर्षें सांगत आलों, आणि वडिलांच्या घड्याळावर मात्र स्वतःच्या हातानें हरताळ फासून मोकळा झालों.

निवृत्तीनंतर ह्या विषयाकडे वळलों तो असा. आज माझ्यापाशीं त्रेचाळीस घड्याळें आहेत. त्यांतील एकाचीही किंमत दोन हजार रुपयांपलीकडे गेलेली नाहीं. पेन्शनरानें ह्यापुढें पाऊल टाकूं नये. कांहीं नातलगांनीं दिलीं, कांहीं पुण्याच्या जुन्या बाजारांत मिळालीं. तो बाजार रविवारीं व बुधवारीं भरतो. तेथें सकाळीं लौकर जावें आणि भिंग बरोबर न्यावें. नवी रंगविलेली तबकडी ओळखण्यास मास्तरकी फार उपयोगी पडते. भिंगाखालीं अक्षरें पाहावीं: कोठें एकाच शब्दांतील दोन अक्षरांची जाडी निराळी, कोठें मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशीं जुळत नाहींत, कोठें तळाशीं सहाच्या खालीं असावयाचीं बारीक अक्षरें गळलेलीं. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्यावर नकल केलेली वही जशी दुरून ओळखूं येते, तसेंच हें. शिवाय कवच झिजलेलें, किल्लीचें बोंड गुळगुळीत झालेलें, आणि तबकडी तेवढी नव्या नवरीसारखी, असें दिसलें म्हणजे समजावें.

माझ्या संग्रहांत निम्मीं घड्याळें एच. एम. टी.चीं आहेत, आणि वाचकांच्या घरच्या खणांतही बहुधा तींच असतील. स्वातंत्र्यानंतर परदेशी घड्याळांच्या आयातीवर निर्बंध आले व चोरटा व्यापार बोकाळला. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं मनगटी घड्याळांचें काम सुरू केलें. पहिल्या घड्याळांचें प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें. त्यांतील 'जनता' हें घड्याळ खरोखरच जनतेचें ठरलें. पहिल्या पगाराचें तें, जांवयाला दिलेलें तें, निवृत्तीच्या समारंभांत हार घालून दिलेलें तेंच. 'कांचन' नांवाच्या आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळासाठीं तर लग्नसराईंत वशिला लावावा लागे. कांहीं तबकड्यांवर आकडे देवनागरींत आहेत. तसें एक 'जनता' माझ्या हातीं लागलें त्या दिवशीं मला एखादा ताम्रपट सांपडल्याचा आनंद झाला. १९६९ च्या नाताळांत जपानांत स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस आलें; आपल्याकडे ती लाट ऐंशीच्या दशकांत पोंचली, किल्लीचीं घड्याळें मागें पडलीं, आणि २०१६ सालीं सरकारनें एच. एम. टी.चा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा निर्णय घेतला. तें माझ्याही निवृत्तीचें साल. आम्ही दोघे एकदमच सुटलों.

येथें एक हिशेब सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 'जनता' घड्याळाचा ठोका एका सेकंदांत पांच वेळां पडतो, म्हणजे तासाला १८,०००. आपली जुनी घटिका २४ मिनिटांची. तेव्हां एका घटिकेंत ७,२०० ठोके, आणि साठ घटिकांच्या अहोरात्रांत ४,३२,०००. कलियुगाचीं वर्षेंही बरोबर तितकींच मानिलीं आहेत. हा योगायोगच आहे; त्यांतून स्वित्झर्लंडच्या कारागिरांना आपलीं पुराणें अवगत होतीं असा शोध कोणी लावूं नये. पण रात्रीं उशाशीं घड्याळ टिकटिकत असतां हा हिशेब आठवला म्हणजे मला झोंप लागते खरी.

बायकांच्या घड्याळांविषयीं स्वतंत्र लिहावयास हवें. संग्राहक त्यांना हात लावीत नाहींत, कारण तीं लहान, नाजूक व दुरुस्तीस अवघड. घरोघर आजोबांचें घड्याळ जपलेलें असतें आणि आजीचें भंगारांत गेलेलें असतें. गंमत अशी कीं, मनगटावर घड्याळ बांधणें हा मूळचा बायकांचा अलंकार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपांतील पुरुष तें बायकी समजत व खिशांत घड्याळ ठेवीत. पहिल्या महायुद्धांत खंदकांतून खिसे चांचपीत बसण्यास सवड नव्हती म्हणून पुरुषांनीं तें मनगटावर आणलें. आमच्या परिचयाच्या एका घरीं नव्वदी ओलांडलेल्या आजी आहेत. त्या येथील मिशनच्या रुग्णालयांत परिचारिका होत्या. मी गेलों तेव्हां घरच्यांनीं त्यांच्या यजमानांचीं तीन घड्याळें कौतुकानें दाखविलीं. मीं आजींना विचारलें, "आपलें?" त्या म्हणाल्या, "माझें कशाला?" बऱ्याच आग्रहानें एका औषधाच्या बाटलीच्या खोक्यांतून तें निघालें. सेकंदाच्या कांट्याचें, पट्टा कुजलेलें, चवलीएवढें घड्याळ. मी छायाचित्र घेत असतां त्यांनीं माझें मनगट हातांत घेतलें आणि बंद घड्याळाकडे पाहत सवयीनें ओठ हालवूं लागल्या. "अर्धा मिनिट मोजायचा आणि दुप्पट करायची," त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळीं त्यांच्या नातसुनेनें नवा पट्टा मागविला असें मागाहून कळलें.

अशा भेटींतून मला उमगलें कीं, घड्याळ आपल्या मालकीचें असण्याची गरजच नाहीं. आतां मी स्नेह्यांच्या, सोयऱ्यांच्या घरीं जाऊन त्यांच्या खणांतील घड्याळांचीं छायाचित्रें घेतों आणि एका वहींत नोंद करतों: कोणाचें, कोणी दिलें, कोणत्या सालीं, दुरुस्त्या कोणत्या, कोणत्या हातावर घालीत. वहींत आजवर दोनशें अकरा घड्याळें झालीं आहेत. "अहो, दुसऱ्यांच्या घड्याळांचे फोटो काढीत हिंडण्यापेक्षां आपल्या भिंतीवरचें तेवढें चालू करा," असें आमच्या घरांतून सांगणें झालेलें आहे, व तें रास्त आहे.

छायाचित्रासाठीं भारी यंत्र लागत नाहीं. पुतण्यानें दिलेला मोबाईल मला पुरतो. अडचण असते ती कांचेंतील प्रतिबिंबाची. घड्याळाच्या कांचेंत खिडकी दिसते, छपराचे वांसे दिसतात, आणि सर्वांत ठळक दिसतो तो फोटो काढणारा. प्रथम काढलेल्या प्रत्येक चित्रांत माझें नाक आहे. त्यावर उपाय असा: सोप्यांतील उत्तरेकडच्या खिडकीशीं, सकाळीं नऊच्या सुमारास, घड्याळ करड्या कापडावर किंचित् तिरपें ठेवावें; खिडकीवर तेलकागद लावावा म्हणजे उजेड मऊ होतो; आणि काळ्या पुठ्ठ्यास भोंक पाडून त्यांतून चित्र घ्यावें, म्हणजे कांचेंत काळोखच उमटतो. जाहिरातींत कांटे नेहमीं दहा वाजून दहा मिनिटांवर असतात, कारण त्यामुळें बाराखालचें कंपनीचें नांव मोकळें राहतें. मी मात्र पहिलें चित्र घड्याळ ज्या वेळेवर थांबलें असेल त्याच वेळेचें घेतों. घरचीं माणसें त्या वेळेंत कांहीं अर्थ शोधूं लागतात. खरें कारण बहुधा किल्ली संपली एवढेंच असतें. मग पाठीमागची बाजू, कोरलेलीं अक्षरें, पट्ट्याचीं भोंकें. पट्ट्याच्या कोणत्या भोंकावर चीर पडली आहे त्यावरून त्या माणसाचें मनगट कळतें.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगितली पाहिजे. १९६० पूर्वींच्या पुष्कळ घड्याळांचे आकडे अंधारांत चमकावेत म्हणून त्यांत रेडियम घालीत. अमेरिकेंत १९२० च्या सुमारास अशा तबकड्या रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचें टोंक ओठांनीं टोकदार करीत. त्यांतील कित्येकींचे जबडे सडले व कित्येक दगावल्या. आज हे आकडे चमकत नाहींत म्हणून तें विष संपलें असें समजूं नये. थकला आहे तो चमकणारा जस्ताचा क्षार. रेडियम निम्मा होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. म्हणून असें घड्याळ घरीं उघडूं नये, आकडे खरवडूं नयेत, मुलांच्या हातीं देऊं नये. जुन्या तबकड्या धुण्याच्या धंद्यांत ही धूळ कोणाच्या श्वासांत जात असेल, हा विचार मला 'नवी डायल' हे शब्द ऐकले कीं येतो.

छायाचित्रांचा उपयोग काय, असें मला विचारणारे २०१९ च्या ऑगस्टपर्यंत पुष्कळ होते. त्या महिन्यांत कृष्णेचा पूर सांगलींत शिरला. गांवभागांत माझी चुलत बहीण राहते. माणसें वेळेवर निघालीं, पण तळमजल्यावरचें कपाट कित्येक दिवस पाण्याखालीं होतें. त्यांत तिच्या सासऱ्यांचीं तीन घड्याळें होतीं. वर्षापूर्वींच मीं त्यांचीं चित्रें घेतलीं होतीं. पाणी ओसरल्यावर चिखलांतून दोन निघालीं, तिसरें गेलें. दोहोंच्या तबकड्यांवरचा रंग पापुद्र्यांनीं सुटला होता. मीं तिन्हींचीं चित्रें मोठीं करून दिलीं. तीं तिनें पुराची रेघ राहिलेल्या भिंतीवरच लावलीं आहेत. घड्याळांत पाणी गेलें असतां किल्ली देऊं नये, उन्हांत ठेवूं नये, व शक्य तितक्या लौकर घड्याळजीकडून उघडवावें, हेंही त्या वेळीं शिकलों.

त्या दोन घड्याळांच्या निमित्तानें मी मिरजेंतील एका वृद्ध घड्याळजींकडे जाऊं लागलों. एक दिवस भीत भीत आप्पांचें निळें घड्याळ त्यांच्यापुढें ठेवलें, आणि यंत्र तरी मूळचें आहे कीं तेंही बदललें, असें विचारलें. त्यांनीं मागचें झांकण उघडलें, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलें आणि म्हणाले, "मास्तर, तोंड गेलें, पोट शाबूत आहे." मग झांकण उलटें करून माझ्या हातीं दिलें. त्याच्या आंतल्या बाजूस सुईनें ओरखडल्यासारख्या बारीक खुणा होत्या, एकूण सात. "आमच्या धंद्यांत दुरुस्ती केली कीं आंत आपली खूण अन् तारीख ओढून ठेवतात. घड्याळ पुन्हां तक्रारीला आलें तर आपल्याच हातचें कीं दुसऱ्याच्या, हें कळावें म्हणून." पांच खुणा आमच्याकडच्या दिसत होत्या; एक अगदीं पुसट; आणि एकींत आंकडे कानडी होते.

मीं तेथेंच झांकणाचें छायाचित्र घेतलें आणि घड्याळ घेऊन दादांकडे गेलों. सात वर्षांत आम्हीं त्याचें नांव काढलें नव्हतें. दादांनीं भिंगांतून एकेक खूण पाहिली. कानडी आंकड्यांशीं येऊन थांबले. १९६४ सालीं आप्पांची बदली बेळगांवास होती. मी सहा वर्षांचा, दादा पंधरा वर्षांचे.

"आडावर पाणी ओढतांना दगडावर आपटलें होतें," दादा म्हणाले. "कांच फुटली. आप्पांनीं मलाच पाठवलं दुरुस्तीला. सहा रुपये पडले. मीं साडेसहा सांगितले आणि आठ आण्यांचीं भजीं खाल्लीं."

एवढें सांगून ते इतके हंसले कीं वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. आप्पांना गेल्याला एकवीस वर्षें झालीं होतीं, आणि ही कबुली पहिल्यानेंच बाहेर पडत होती. तबकडी निळीच आहे आणि निळीच राहील. घड्याळजी म्हणाले कीं मूळच्यासारखी पांढरी करून देतां येईल, पण दादा व मी, दोघांनींही एकदम "नको" म्हटलें. दादांनीं तें मनगटावर घातलें नाहीं. सदऱ्याच्या खिशांत टाकलें. तें दिवसाला तीन मिनिटें मागें पडतें. सकाळीं पूजा आटोपली कीं त्यांचा फोन येतो, "तुझ्यांत किती वाजले?" मी सांगतों, आणि पलीकडून किल्ली दिल्याचा आवाज ऐकूं येतो. मी मोजतों. एकवीस होतात.